'निरीक्षक' यांना उत्तर: डोरोथी, वाल्सा आणि माझा 'कॉन्व्हेंटी भाबडेपणा'

निरीक्षक, नमस्कार.

ब्राझीलमध्ये खून झालेल्या सिस्टर डोरोथी स्टँग आणि झारखंडमध्ये खून झालेल्या सिस्टर वाल्सा जॉन यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं काल रात्रीच वाचलं. उत्तर मुद्दाम सकाळी लिहितोय, म्हणजे जीभ जरा ताब्यात राहील. इतरांना शोधत बसायला नको म्हणून तुमचं वाक्य जसंच्या तसं देतो: "पोपचं पत्र आलं आणि नन्सना झाडं आठवली, तुमच्यासारख्या कॉन्व्हेंटी भाबड्यांनी त्यावर आरती ओवाळावी यात नवल नाही." शिवाय वाल्सांनी शेवटी खाण कंपनीशी करारच केला, आणि परदेशी पैसा व धर्मांतर यांबद्दल मी मूग गिळून बसलो, असंही तुमचं म्हणणं आहे.

मान्य करायचं ते आधी करून टाकतो. ब्राझीलचा भाग लांबला आणि वाल्सांच्या वाट्याला कमी जागा आली. ठीक.

आता 'कॉन्व्हेंटी'. साहेब, मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. पत्र्याखाली, पाऊस आला की बाकं सरकवत. वसईत ख्रिस्ती घरात जन्मलेला प्रत्येक जण कॉन्व्हेंटात टाय लावून बसतो, हा समज तुम्ही कुठून उचललात ते तुमचं तुम्हाला ठाऊक. टीका करा, हरकत नाही. पण माणूस कुठल्या शाळेतला असेल हे मनाशी ठरवून त्याचा मुद्दा निकालात काढायचा, याला निरीक्षण म्हणत नाहीत.

पोपच्या पत्राचं बघू. पोप फ्रान्सिस यांचं पर्यावरणावरचं पत्र 'लाउदातो सी' प्रसिद्ध झालं जून २०१५ मध्ये. डोरोथींना गोळ्या घातल्या १२ फेब्रुवारी २००५ रोजी. वाल्सांना मारलं १५ नोव्हेंबर २०११ च्या रात्री. या तारखा लेखातच होत्या. पत्र यायच्या दहा वर्षं आधी मेलेल्या बाईला ते पत्र वाचून झाडं कशी आठवली, हे जरा समजावून सांगा.

आणि डोरोथी जंगल वाचवायला म्हणून ब्राझीलला गेल्याच नव्हत्या. १९६६ साली गेल्या त्या मारान्याओ राज्यातल्या भूमिहीनांमध्ये. ती माणसं पुढे जमिनीच्या आशेनं ट्रान्सअ‍ॅमेझॉन हमरस्त्याकडे सरकली, तशा त्याही त्यांच्यामागोमाग पारा राज्यात, अनापूला पोचल्या. तिथे त्यांना दिसलं की जंगल जाळून केलेलं शेत चार पिकांत थकतं, कुटुंब पुढे सरकतं, आणि मागे राहिलेल्या जमिनीवर गुरांचा बडा मालक कुंपण घालतो. म्हणून त्यांनी सरकारी योजनेतून वसाहती मागितल्या, अशा की घरटी जमिनीचा पाचवा हिस्सा कसायचा आणि बाकी जंगल उभं ठेवायचं. त्यांच्या टी-शर्टवर पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं असायचं, 'जंगलाचा मृत्यू म्हणजे आमच्या जगण्याचा शेवट'. आमच्या म्हणजे त्या शेतकऱ्यांच्या. त्र्याहत्तराव्या वर्षी चिखलाच्या वाटेवर दोघांनी अडवून हत्यार आहे का विचारलं, तेव्हा त्यांनी पिशवीतून बायबल काढलं. नंतर सहा गोळ्या. ज्या दोन जमीनमालकांनी हे घडवून आणलं, त्यांना शिक्षा व्हायला २०१० उजाडलं, तेही एक जण मध्ये निर्दोष सुटून पुन्हा दोषी ठरल्यावर. याला तुम्ही आरती म्हणा.

वाल्सांचंही तसंच. केरळातली बाई झारखंडच्या पाकुड जिल्ह्यात, पचुवाड्याला संथाळांच्या गावात राहिली. कोळसा खाणीविरुद्धच्या त्यांच्या आंदोलनाचं नावच 'राजमहल पहाड बचाओ' होतं, आणि तेव्हा फ्रान्सिस पोपही झाले नव्हते!

हे मला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. माझी सख्खी आत्या धर्मभगिनी होती. डहाणूकडच्या पाड्यांवर उभी हयात गेली तिची. सुट्टीत घरी आली की तिची कापडी पिशवी आम्ही पोरं उपसायचो, खाऊ असेल म्हणून. निघायचे ते सातबाऱ्याचे उतारे, ग्रामसभेच्या ठरावांच्या प्रती, पुढे पुढे वनहक्काच्या दाव्यांचे फॉर्म, अंगठ्यांच्या निळ्या ठशांनी भरलेले, आणि त्यातच कुठेतरी गुंतलेली जपमाळ. एका दाव्याला झाडाची खूण पुरावा म्हणून चालेल की नाही यावर ती माझ्या वडिलांशी, ते कोर्टात कारकून होते, जेवण गार होईस्तोवर वाद घालायची. इकडे वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या हाकेवर माणसं हरित वसईसाठी रस्त्यावर उतरली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या सिस्टरही त्यांत होत्या. बावखलं, म्हणजे आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी, बुजवली तर विहिरी खाऱ्या होतील हे त्यांना कळायला रोमहून पत्र यावं लागलं नाही. तुम्ही असल्या एखाद्या सिस्टरशी कधी दहा मिनिटं बोलला आहात का? नसाल बोललात. नाहीतर 'नन्सना झाडं आठवली' असं लिहिताना हात अडखळला असता.

वाल्सांच्या कराराचं म्हणाल, तर हो, २००६ मध्ये केला. कोर्टात दाद लागेना, गावकरी थकलेले. मोबदला, नोकऱ्या, शाळा, दवाखाना पदरात पाडून घेतला. कोळसा निघाला, हेही खरं. त्यावर लांबून बोट ठेवणं सोपं आहे, एवढंच म्हणतो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

परदेशी पैसा आणि धर्मांतर: हा प्रश्न मला प्रत्येक लेखाखाली कुणीतरी विचारतंच. माझा लेख दोन खुनांवर होता. तुम्हाला हिशेब हवे असतील तर ज्यांचे आहेत त्यांच्याकडे मागा, मी काही कुणाचा खजिनदार नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी खऱ्या नावानं लिहा, निदान अहो-जाहो कुणाला करतोय ते तरी मला कळेल.