‘केबिन साइज’ लिहिलंय म्हणून भुलू नका

“विमानात कॅमेरा न्यायचाय? केबिन साइजची चाकांची हार्ड केस घ्या. कॅमेऱ्याच्या बॅगेचं वजन कोणी करत नाही. गेटवर घेतलीच, तर फ्रॅजाइलचा स्टिकर लावून बिनधास्त द्या.” हा मेसेज फोटोग्राफीच्या ग्रुपांवर फिरतोय. ताडोबाला निघालेल्या एका मित्राने त्याच्या भरवशावर खरेदीही करून टाकली.

आधी केबिन साइजचं बघू. देशांतर्गत विमानात साधारण 55 × 35 × 25 सेंटिमीटर आणि 7 किलो अशी मर्यादा असते. लेबल फक्त आकाराचं बोलतं, वजनाचं नाही. पेलिकन 1510 ही केस घ्या: मजबूत, आकारातही मर्यादेच्या काठावरच, पण रिकामीच पाच किलोंच्या वर. तिच्यात निकॉन डी500 कॅमेरा (860 ग्रॅम) आणि 200-500 मिमीची लेन्स (2300 ग्रॅम) ठेवली की साडेआठ किलो झाले. चार्जर अजून बाहेरच! हेच सामान दीड किलोच्या सॅकमध्ये घाला, पावणेपाच किलोंत भागतं.

वजन कोणी करत नाही? बऱ्याचदा करत नाहीत, हे खरं. माझं एकदा केलं. 9.2 किलो. काउंटरवरच लेन्स गळ्यात, कॅमेऱ्याची बॉडी जॅकेटच्या खिशात, मागे रांग ताटकळलेली आणि त्यातले एक काका मोठ्याने “बापरे” म्हणाले. शिवाय एटीआरसारख्या छोट्या विमानात वरचे कप्पेच लहान असतात. तिथे वजन बरोबर असलं तरी हार्ड केस आत जात नाही. मऊ सॅक दाबून सीटखाली तरी सरकते.

स्टिकरबद्दल काय बोलणार! सामान चढवणाऱ्याच्या हातात अशा स्टिकरच्या दहा बॅगा असतात. पण या सल्ल्यातली खरी घातक गोष्ट वेगळी आहे. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाहीत, त्या केबिनमध्येच हव्यात. गेटवर केस दिली की त्या घाईघाईत शोधून काढाव्या लागतात. म्हणून त्या वेगळ्या छोट्या पाउचमध्ये, टोकं झाकून ठेवा. कॅमेऱ्याची बॅटरी जेमतेम 14-16 वॉट-अवरची (म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा), 100 वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. व्हिडिओवाल्यांनी मोठ्या बॅटरीवरचा आकडा मात्र वाचावा. 100 ते 160 असेल तर विमान कंपनीला आधी विचारावं लागतं.

हार्ड केस वाईट नाही. ट्रायपॉड-लाइट चेक-इनला टाकायचे असतील किंवा जिप्सीतून धुळीत फिरायचं असेल, तर तीच घ्या.

मी आता दुकानात जाताना हुकाचा वजनकाटा नेतो. दुकानदार हसतो. मागच्या वेळी टॅगवर 1.4 किलो लिहिलेली सॅक डिव्हायडर (आतल्या कप्प्यांच्या मऊ पट्ट्या) धरून 2.1 भरली.