उत्क्रांतीच्या वादात कालाकोटचा दगड पुढे ठेवा

‘माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला आहे का?’ हा प्रश्न उत्क्रांतीवरील वादात हमखास येतो, आणि तो आला की उत्क्रांतीची बाजू मांडणारे आपण बहुतेक वेळा विचारणाऱ्याला अडाणी ठरवून मोकळे होतो, नाहीतर जनुकशास्त्रापासून पुराजीवशास्त्रापर्यंतचे सगळे पुरावे एका दमात त्याच्यापुढे ओततो. दोन्हींतून काहीच साधत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की अशा वेळी एकच पुरावा हाती घ्यावा, तो शेवटपर्यंत न्यावा, आणि शक्यतो तो आपल्याच उपखंडातील खडकातला असावा. असा पुरावा आपल्याकडे आहे. तो देवमाशाचा आहे.

डार्विनने 1859 मध्ये लिहिले होते की उत्तर अमेरिकेतील काळे अस्वल तासन्‌तास तोंड उघडे ठेवून पोहत पाण्यातले कीटक पकडताना दिसले आहे, आणि अशा प्राण्यांपासून नैसर्गिक निवडीने देवमाशासारखा जलचर घडणे त्याला अशक्य वाटत नव्हते. या वाक्यांची इतकी टिंगल झाली की पुढील आवृत्तीत त्याने तो मजकूर छाटून टाकला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे देवमासा हे सृष्टिवाद्यांचे, म्हणजे सगळे सजीव देवाने आहेत तसेच निर्माण केले असे मानणाऱ्यांचे, हुकमी उदाहरण होते: जमिनीवरचा चार पायांचा प्राणी समुद्रात गेला म्हणता, तर मधले प्राणी दाखवा. ही मागणी रास्त होती, असे मला वाटते. तिला उत्तर द्यायचे तर खडक फोडण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

पाकिस्तानातील खडकांतून 1981 मध्ये पाकिसेटस आणि 1994 मध्ये चालू व पोहू शकणारा अँब्युलोसेटस हे दोन प्राचीन देवमासे जगासमोर आले. तरीही देवमाशाचे पूर्वज नेमके कोण, यावर शास्त्रज्ञांतच मतभेद होते. दातांच्या साम्यावरून अनेक पुराजीवशास्त्रज्ञ नामशेष झालेल्या, खूर असलेल्या मांसाहारी प्राण्यांच्या एका गटाकडे बोट दाखवत असत. 1990 च्या दशकात डीएनएचा अभ्यास करणारे मात्र देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे, असे सांगू लागले. हा वाद मिटला तो घोट्याच्या हाडाने. गाय, शेळी, हरीण अशा समखुरी प्राण्यांत हे हाड दोन्ही टोकांना कप्पीच्या आकाराचे असते, आणि 2001 मध्ये प्राचीन देवमाशांच्या सांगाड्यांत नेमके तसेच हाड सापडले. हाडे पाहणाऱ्यांनी आपले जुने मत सोडले. वादात मी या टप्प्यावर मुद्दाम थांबतो, कारण ‘शास्त्रज्ञ एकमेकांना सांभाळून घेतात’ या आरोपाला याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

आता कालाकोट. जम्मूमधील राजौरी जिल्ह्यातील या गावाजवळ भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते आणि त्यांतील इंडोहायस या छोट्या समखुरी प्राण्याची नोंद 1971 मध्येच केली होती. त्यांच्या निधनानंतर न फोडलेले कितीतरी दगड त्यांच्या पत्नीने जपून ठेवले आणि पुढे ते पुराजीवशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे सोपवले. प्रयोगशाळेत एक कवटी दगडातून मोकळी करताना कानाचे हाड चुकून तुटले, आणि त्या तुटलेल्या हाडाची आतली कड विलक्षण जाड असल्याचे दिसले. कानाच्या हाडाची अशी रचना तोवर फक्त देवमाशांच्या कुळात, जिवंत आणि जीवाश्म दोन्हींत, माहीत होती. सुनील बाजपेयी आणि ब्रह्मानंद तिवारी या भारतीय शास्त्रज्ञांसह हे संशोधन 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा हा मांजराएवढा प्राणी दिसायला आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीसारखा (मूषक हरणासारखा) असावा. त्याच्या पायाच्या हाडांचा बाहेरचा थर मात्र पाण्यात वावरणाऱ्या प्राण्यांसारखा जाड होता. हे सगळे घडताना कुणीही पाहिलेले नाही. पण डीएनए, घोटा आणि कान या तिघांची साक्ष एकमेकांवर अवलंबून नाही, आणि तरीही ती एकाच दिशेने जाते: देवमाशाचे पूर्वज जमिनीवरच्या समखुरी प्राण्यांत होते.

समोरच्यानेही एवढ्याच तयारीने बोलावे, ही अपेक्षा आपण ठेवलीच पाहिजे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हरच्या शाळामंडळाने ‘बुद्धिमान रचने’चा, म्हणजे सजीवांची रचना कुणा बुद्धिमान कर्त्याने केली या मताचा, विषय जीवशास्त्राच्या वर्गात आणला, तेव्हा अकरा पालक न्यायालयात गेले. त्या 2005 च्या खटल्यात या मताचे पुरस्कर्ते, जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांनी रोगप्रतिकार यंत्रणेच्या उत्क्रांतीचे उत्तर विज्ञानाकडे नाही, असा दावा केला होता. उलटतपासणीत पालकांच्या वकिलांनी त्याच विषयावरचे 58 शोधनिबंध आणि 9 पुस्तके त्यांच्यापुढे रचली. तेवढ्यानेही त्यांचे समाधान झाले नाही, आणि न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निकालपत्रात याची नोंद केली. कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही मत बदलाल, हा प्रश्न म्हणूनच वादाच्या सुरुवातीला विचारावा. उत्तर ‘कोणताच नाही’ असेल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

देवाचा प्रश्न मात्र या वादात ओढू नये. डोव्हरच्या खटल्यात उत्क्रांतीच्या बाजूने पहिली साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे श्रद्धावान कॅथलिक आहेत. नास्तिक झाल्याशिवाय उत्क्रांती मान्य करता येत नाही, अशी अट आपल्यापैकी काही जण घालतात, ती चुकीची आहे आणि तिने आपलेच नुकसान होते.

आपल्याकडे आणखी एक मुद्दा हटकून येतो, तो दशावतारांचा: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, म्हणजे उत्क्रांती आपल्या पूर्वजांना आधीच ठाऊक होती. दशावतार मला प्रिय आहेत. पण त्या कथांत एका जातीपासून दुसरी जात कशी होते याचा विचार नाही, अवतारांमध्ये वंशसंबंध नाही, आणि त्यांतून खडकात काय सापडेल याचे एकही भाकीत निघत नाही. कथेवर हा भार टाकणे हा कथेवरही अन्याय आहे.

हा वाद आपल्या दारात आलेला आहे. जानेवारी 2018 मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे आणि तो अभ्यासक्रमातून बदलायला हवा असल्याचे सांगितले. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून ते खोडून काढले. तरीही 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांपर्यंत तो पोहोचणार नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्या राज्य मंडळाने 2018 मध्ये आणलेल्या दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा आहे, आणि त्यात जोडणारे दुवे, म्हणजे दोन गटांची लक्षणे एकत्र दाखवणारे प्राणी, शिकवताना पेरिपॅटस, बदकचोच्या (प्लॅटिपस) आणि लंगफिश यांची उदाहरणे येतात. शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की त्या तासाला इंडोहायसच्या कानाचे चित्र फळ्यावर जरूर काढा, नकाशावर कालाकोट दाखवा, आणि प्राचीन देवमाशांचे जीवाश्म कच्छमध्येही सापडले आहेत, हे मुलांना सांगा.