मंडेलांच्या हातातलं शस्त्र पुसू नका

१८ जुलै, म्हणजे मंडेलांचा जन्मदिवस, जवळ आला की एक संदेश फिरू लागतो: नेल्सन मंडेला म्हणजे आफ्रिकेचे गांधी, शस्त्राला कधी हात लावला नाही, २७ वर्षं रॉबेन बेटावर काढली आणि सुटल्यावर सगळ्यांना माफ करून टाकलं. भावना चांगली आहे, पण त्यातून उभा राहणारा माणूस मंडेला नाही.

आधी शस्त्राचं बोलू. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या सरकारच्या वर्णभेदाविरुद्ध १९५२मध्ये झालेल्या कायदेभंगात मंडेला आघाडीवर होते, गांधींबद्दल त्यांना आदरही होता. पण २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलमध्ये निदर्शकांवर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात, सरकारी आकड्यानुसारच, ६९ माणसं मेली. पाठोपाठ मंडेलांच्या पक्षावर, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर, बंदी आली. शांततेचे रस्ते असे बंद झाल्यावर १९६१मध्ये 'उमखोंतो वे सिझ्वे' ही सशस्त्र संघटना निघाली आणि तिचे पहिले सेनापती मंडेलाच होते. पुढच्या वर्षी इथिओपियात जाऊन त्यांनी लष्करी प्रशिक्षण घेतलं. या संघटनेच्या घातपातांवरून चाललेल्या १९६३-६४च्या रिव्होनिया खटल्यात फाशीची टांगती तलवार असताना, घातपाताचा बेत आपण आखला होता हे त्यांनी भर कोर्टात सांगितलं. जीवितहानी टाळायची म्हणून मालमत्तेच्या घातपाताचा मार्ग निवडला, हेही सांगितलं. ते तुरुंगात असताना, १९८३मध्ये, याच संघटनेने प्रिटोरियात घडवलेल्या स्फोटात १९ जण मेले. तेही झाकू नये.

हे सगळं खोडलं तर १९८५चा प्रसंग कळणारच नाही. हिंसेचा त्याग करत असाल तर सोडतो, असं राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथांनी जाहीर केलं. मंडेलांनी साफ नकार दिला. त्यांचं उत्तर मुलगी झिंझीने सोवेटोच्या स्टेडियमवर वाचून दाखवलं: हिंसा आधी बोथांनी सोडावी. या नकारानंतर त्यांनी आणखी पाच वर्षं कैदेत काढली. ज्याने कधी शस्त्रच उचललं नाही, त्याच्यापुढे अशी अट कोण ठेवेल?

आता बेटाचं. २७पैकी १८ वर्षंच ते रॉबेन बेटावर होते. १९८२पासून पोल्समूर आणि शेवटी व्हिक्टर व्हर्स्टर या तुरुंगांत.

'सगळ्यांना माफ केलं' हे मला सर्वांत जास्त खटकतं, कारण त्यात पीडितांना जागाच उरत नाही. वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासणाऱ्या, आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे कायदेशीर माफी हवी असेल तर राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्याची पूर्ण कबुली द्यावी लागे. बहुतेक अर्ज फेटाळले गेले. वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिकोंच्या कोठडीतल्या मृत्यूप्रकरणी पोलिसांना माफी मिळाली नाही. १९९८च्या अहवालात आयोगाने मंडेलांच्या पक्षानेही केलेले अत्याचार नोंदवले. पक्ष तो अहवाल रोखायला कोर्टात गेला आणि हरला. मंडेलांनी, राष्ट्राध्यक्ष म्हणून, तो स्वीकारला.