उत्तेजनार्थ

लेकीच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आज सकाळी सूचना आली: "सर्टिफिकेटवर 'उत्तेजनार्थ' छापू नका, कसंतरीच वाटतं. 'सांत्वनपर' लिहा." खाली लगेच अंगठ्यांची रांग. माझं डोकंच फिरलं.

सांत्वन? सांत्वनाला आपण मयताच्या घरी जातो. पोरगी शंभर जणांसमोर धीटपणे बोलली, तिचं कोण गेलंय?

चौथीत मलाही वक्तृत्वात उत्तेजनार्थ मिळालं होतं. तिसऱ्या वाक्यानंतर पाठांतर सगळं उडालं. पुन्हा 'अध्यक्ष महाशय'पासून सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकले. वर्गात येऊन बाकावर डोकं ठेवून रडत होते. बाई शेजारी येऊन बसल्या, माझ्या कंपासमधली बोथट पेन्सिल काढली आणि ब्लेडने तिला टोक करायला लागल्या. "उत्तेजन म्हणजे हे," म्हणाल्या. "फेकून द्यायच्या पेन्सिलीला कोणी टोक करत बसतं का?"

पुढे शब्दकोश उघडला तेव्हा कळलं, बाई अगदी बरोबर होत्या. मूळ संस्कृत धातू 'तिज्', म्हणजे धार लावणं. तेज, तीक्ष्ण ही त्याचीच भावंडं. जुन्या लोकांना या शब्दाची लाज वाटत नव्हती. पुण्यात वसंत व्याख्यानमाला भरवणारी सभा 'वक्तृत्वोत्तेजक'. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८९४ मध्ये निघालेली संस्था आज 'ग्रंथोत्तेजक' म्हणून ओळखली जाते. आणि आपल्याला कसंतरीच वाटतं!

हो, उत्तेजक द्रव्यं, उत्तेजक दृश्यं अशा बातम्यांनी शब्द नासवलाय, मान्य. म्हणून टाकून द्यायचा?

नाही, कारण याची जागा दुसरा शब्द घेत नाही. भरीस घालणारा ढकलून देतो आणि स्वतः बाजूला होतो. चिथावणारा काडी टाकून लांबून बघतो. उत्तेजन देणाऱ्याला शेजारी बसावं लागतं. बाईंनी पुढच्या वर्षी मला न विचारता माझं नाव दिलं आणि आठवडाभर मधल्या सुट्टीत माझं भाषण ऐकलं. स्वतःचा डबा तसाच ठेवून. त्या वर्षी तर उत्तेजनार्थही मिळालं नाही. पण भाषण शेवटपर्यंत झालं, आणि मागच्या दारात उभ्या बाई माझ्याबरोबर ओठ हलवत होत्या.

सूचना करणाऱ्या ताईंचा हेतू वाईट नसणार. त्यांच्या मुलालाही उत्तेजनार्थच मिळालंय, त्याला वाईट वाटू नये एवढंच त्यांच्या मनात असेल. पण ताई, त्याला एकदा त्या शब्दाचा अर्थ सांगून तर बघा.

ग्रुपवर मी अजून काही लिहिलेलं नाही. आता हीच पोस्ट तिथे टाकते.