दादाचं वर्कशॉप आणि घरच्यांची अब्रू

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा जो वाद झाला तो माझ्या डोक्यातून जातच नाहीये. पुण्यातला माझा आतेभाऊ, आमचा दादा, रिटायर झालाय, त्याने रो हाऊसच्या गॅरेजमध्ये सुतारकामाचं छोटं वर्कशॉप करायचं ठरवलं. सोसायटीवाले म्हणाले आवाज होईल, ते एकवेळ समजू शकते, पण घरचेच म्हणतायत की सुताराला बोलव ना, इंजिनिअर माणसाला हे शोभतं का. शोभतं का म्हणजे? हाताने काम करणाऱ्याला पिढ्यानपिढ्या एक पायरी खाली बसवलं, त्यातूनच येतं हे बोलणं, आणि मला त्याची मनापासून चीड येते.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. शेजारचे डॉक्टर शनिवारी लेथवर लाकडी वाडगे करतात, कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही. रविवारी ड्रिल लावायचा नाही, रात्री दहानंतरही नाही, बाकी वेळी कोणी ब्र काढत नाही. आणि आपल्याकडे गणपतीत भिंती हादरतात ते चालतं, दादाची करवत तेवढी खुपते!

माझं वर्कशॉप केलरमध्ये, म्हणजे घराच्या तळघरात आहे, पाच मीटर बाय तीन. आधी ग्राफपेपरवर काढलं, लाकूड कुठून आत येणार, कुठे कापणार, कुठे जोडणार. अख्खी प्लायची शीट जिन्यातून वळत नाही म्हणून बाउमार्क्टमधूनच, म्हणजे बांधकाम-सामानाच्या मोठ्या दुकानातूनच कापून आणते. टेबलसॉ, म्हणजे टेबलात बसवलेली विजेची करवत, मधोमध ठेवला, कारण पुढे आणि मागे दोन्हीकडे फळीएवढी मोकळी जागा लागते, बाकी सगळ्याला चाकं. बेंच बीच झाडाच्या लाकडाचं, उंची माझ्या मनगटापर्यंत, नाहीतर रंधा मारताना कंबर जाते. सॉ आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम एका लाइनवर घेतले तर सोळा अँपिअरचा फ्यूज उडतो म्हणून इलेक्ट्रिशियनकडून दोन वेगळ्या लाइन घेतल्या. भुशाच्या बाबतीत मात्र काटकसर करूच नये, लाकडाची धूळ कॅन्सरकारक आहे हे डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने 1995 मध्येच जाहीर केलंय, त्यामुळे व्हॅक्यूम आणि मास्क पहिल्या दिवसापासून.

आता कोणी म्हणेल तिकडे सुतार महाग, मिळायलाही महिने लागतात, म्हणून तुम्ही करता. खरंय, पुण्यात फोन केला की माणूस संध्याकाळी दारात. पण मी पैसे वाचवायला नाही बनवलं. इतकी वर्षं झाली, इथे घर झालं, पासपोर्टही झाला, तरी वरच्या मजल्यावर पाहुणे आले की मी अजून शब्द तोलून बोलते. पुण्याला गेले तर माहेरवाशीण, खिळा ठोकायला उठले तरी "तू बस गं". या खोलीत मला कोणी बस म्हणत नाही. इथलं प्रत्येक फडताळ मी मोजून, कापून, स्वतः लावलंय, आणि माझं म्हणावं असं दोन्ही देशांत मिळून एवढंच आहे. दादाला हे मिळू नये असं ज्यांना वाटतं त्यांच्यावर मी म्हणूनच चिडते.

तर दादा, कमिटीला लेखी दे. सकाळी दहा ते एक, संध्याकाळी चार ते सात, मशीनखाली रबरी पॅड, भुसा व्हॅक्यूममध्ये. पटाश्या आणि क्लॅम्प बोहरी आळीतून घे, हातात धरून बघून घे, ऑनलाइन नको. प्लॅन मी काढून पाठवते, फक्त गॅरेजच्या दाराची रुंदी आणि तुझ्या मनगटाची उंची आजच कळव.