टिपरू पडलं की

परवाच्या सरावात माझं टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, हातातून उडालं. खरं तर शेजारच्या पोराच्या टिपरूने ते उडवलं, पण ऐकून कोण घेतंय? आमच्या ढोल-ताशा पथकात टिपरू जमिनीला लागलं की उठाबशा, त्याही ताशाच्या तालावर. आपण कान धरायचे, बाकीच्यांनी गोल करायचा आणि ताशावाल्याने लय वाढवत न्यायची. यात गंमत असते म्हणे. कुणाला, ते विचारू नये.

हुकूम ताईचा. ताई माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, पण पथकात चार गणपती जुनी, म्हणून ताई.

मी बसायला लागलो आणि नेमके ते काका आले. नदीकाठी सराव सुरू झाला की कानात कापूस घालून, तक्रार करायला ते हजर होतात. गोलात घुसून त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ही धरायची नाही. गुडघा वाकला नाही पूर्ण."

"काका, तुम्ही आवाजाची तक्रार करायला आलात ना?"

"ती नंतर. आधी ही परत काढा."

मग त्यांनी कापूस काढून व्यवस्थित खिशात ठेवला आणि ताशावाल्याकडे वळले. "अरे, हे उठताना कसला ठोका देतोस? बसताना दे. वजन खाली जातंय ना त्यांचं? आणि वजन आहे चांगलं."

ताशावाल्याने निमूट बदल केला. ज्या गृहस्थांना गेला महिनाभर आमचा एकही ठेका सहन होत नव्हता, ते आता मांडीवर हात मारून ताल धरत होते.

"वय काय तुमचं?"

"अठ्ठे... चाळीस."

"या वयात मी रोज पर्वती चढायचो."

पुण्यात साठी ओलांडलेला प्रत्येक माणूस एके काळी रोज पर्वती चढायचा. एवढी माणसं त्या १०३ पायऱ्यांवर मावायची कशी, हे एकदा कुणीतरी तपासायला हवं.

२०२४ साली हरित लवादाने पुण्यातल्या पथकांना ३० वादकांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच गणेशोत्सवात तिला स्थगिती दिली. तेव्हा टीव्हीपुढे बसून मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता वाटतं, ३० काय वाईट होते? माझा नंबर लागला नसता आणि गुडघे शाबूत राहिले असते.

उठाबशांचंही एक वेळ सोडून देतो. पण ढोलाच्या दोऱ्या ओढून हाताची सालं नव्यांनी काढायची, ढोल टेम्पोत नव्यांनी चढवायचे, चहाही नव्यांनीच आणायचा. आणि त्याच संध्याकाळी एका जुन्या वादकाचं टिपरू सगळ्यांदेखत पडलं, तेव्हा ताई काय म्हणाली? "दादाचं पडलं नाही, त्याने ते ध्वजापुढे वाहिलं." सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणाऱ्याला 'खिलाडूवृत्ती नाही' म्हणून आणखी काय काय करायला लावतील, सांगता येत नाही. ज्याने गेल्या वर्षी उठाबशा काढल्या, तोच यंदा सगळ्यात मोठ्याने आकडे मोजतो. याला परंपरा म्हणतात.

काकांनी शेवटी तक्रार केलीच नाही. उलट मोबाइलवर सगळं चित्रित करून त्यांनी ते आपल्या हास्यक्लबच्या ग्रुपवर टाकलं. माझे सासरे त्याच क्लबात आहेत. रात्री त्यांचा मेसेज आला: "जावईबापू, गुडघे पूर्ण वाकवा."