शाळेत यंत्र आणण्याआधी

दिवाळी सरून मुंबईची हवा धुरकटली, की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मागणी सुरू होते: शाळाशाळांत मुलांची फुफ्फुसं तपासा, तुमच्या लंडनला करतात तशी. लंडनला तशी करत नाहीत, हे मी दरवर्षी लिहिते.

इथे दम्याची लक्षणं असतील त्याच मुलाची तपासणी होते. 2024 च्या नव्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 5 ते 16 वयात आधी श्वासातलं नायट्रिक ऑक्साइड मोजतात; ते 35 पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत 35 भाग) किंवा जास्त भरलं आणि लक्षणं जुळली, तर दमा. नाहीतर स्पायरोमेट्री: यंत्रात फुंकायचं, श्वासनळ्या मोकळ्या करणारा पंप (इनहेलर) घ्यायचा, पुन्हा फुंकायचं आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा 12 टक्क्यांनी वाढली का ते बघायचं. माझ्या लेकीसमोर स्क्रीनवर एक ढग होता. फुंकर एकसारखी राहिली तरच तो नीट पुढे सरकायचा. हसू आलं की ढग खाली! चाळीस मुलांच्या वर्गात हे करून बघाच.

त्यात दम्याचं मूल बऱ्या दिवशी अगदी नॉर्मल फुंकतं. रिपोर्ट चांगला आला की घरात कोणीतरी म्हणणारच, 'बघ, काही नाहीये, तो पंप बंद कर.'

त्यापेक्षा प्रश्न विचारणं स्वस्त. गेल्या 12 महिन्यांत छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का? पळाल्यावर येतो का? सर्दी नसताना रात्री कोरडा खोकला येतो का? जगभरच्या पाहण्या अशाच प्रश्नांवर चालतात. भारतातल्या अशा पाहणीत, मुलं-मोठी मिळून, घरघर असलेल्यांपैकी 82 टक्के जणांना दम्याचं निदानच झालेलं नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून मुलं तपासायला शाळा-अंगणवाड्यांत जातात, त्यांच्या यादीत हा आजार आहेच.

घोडं अडतं ते पुढे. 'प्रायमरी' (लहान मुलांचा टीबी) म्हणून टीबीची औषधं, मग कफ सिरप, मग वाफ, मग 'बाळदमा आहे, मोठेपणी जाईल'. रोजचा पंप मात्र नको, सवय लागते म्हणे! आणि निदान झालं म्हणजे सुटलो असंही नाही. लंडनच्या एला किसी-डेब्रा या मुलीला दमा आहे हे डॉक्टरांना पक्कं माहीत होतं. 2013 मध्ये, नऊ वर्षांची असताना ती गेली; तिच्या मृत्यूला प्रदूषित हवाही कारण होती, असा निर्वाळा कोरोनरने (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) 2020 मध्ये दिला.

लंडनचं काही उचलायचंच असेल तर हे उचला: 2014 पासून इथल्या शाळांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय साल्ब्युटामॉलचा, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाचा, तातडीचा पंप ठेवता येतो, आणि दम्याच्या मुलाला धाप लागली तर शिक्षकच तो देतात.